मूल शाळेतून गप्प घरी आलं तर: अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी पालकांसाठी

माझा मुलगा सहावीत होता तेव्हा रोज डबा रिकामा करून आणायचा. मी खूश. पोरगं पोळी-भाजी संपवतंय, अजून काय हवं! तीन आठवडे हे चाललं. मग एका संध्याकाळी धुवायला टाकताना त्याच्या हुडीच्या खिशात फॉइलमध्ये गुंडाळलेल्या दोन पोळ्या सापडल्या. त्या दिवशी कचऱ्याच्या डब्यापाशी लंच मॉनिटर उभ्या होत्या, म्हणून त्याला त्या टाकता आल्या नव्हत्या.

हळूहळू बाकीचं बाहेर आलं. जेवणाच्या टेबलावर चार मुलं त्याला येताना बघून नाक धरायची, आणि टीव्हीवर भारतीय दुकानदाराची नक्कल करताना जो हेल काढतात तो काढायची. लॉकरवर ‘घरी जा’ अशी चिठ्ठीही चिकटवली होती. घरी म्हणजे नक्की कुठे, हा त्याचा खरा प्रश्न होता, कारण तो जन्मलाच मुळी न्यू जर्सीत.

मी त्याला काय सांगितलं? “लक्ष देऊ नकोस, अभ्यासाकडे बघ.” आपल्याकडची हुकमी गोळी. ती मी दोन दिवस दिली, आणि तेवढे दोन दिवस वाया घालवले. त्यानंतर जे शिकले ते रविवारच्या मराठी शाळेच्या व्हरांड्यात कितीतरी नव्या आई-बाबांना तोंडी सांगितलंय. आता लिहून ठेवते. मी न्यू जर्सीत राहते, त्यामुळे इथले नियम मला बारकाईने माहीत आहेत. इतर राज्यांचं जिथे ठाऊक आहे तिथे सांगीन.

आधी, हक्क कुठून आला

फार खोलात जात नाही, पण एवढं माहीत असेल तर शाळेच्या ऑफिसात आवाज खाली जात नाही. १७ मे १९५४ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात निकाल दिला, की सरकारी शाळांमध्ये गोऱ्या आणि काळ्या मुलांना वेगळं बसवणं घटनेविरुद्ध आहे. दहा वर्षांनी, १९६४च्या नागरी हक्क कायद्यात सहावं प्रकरण आलं. त्याला इथे सगळे ‘टायटल सिक्स’ म्हणतात. केंद्राचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही संस्थेला वंश, रंग किंवा मूळ देश यांवरून भेदभाव करता येत नाही, असं ते सांगतं. जवळपास प्रत्येक पब्लिक स्कूल हा पैसा घेतं. तुमचं मूल अमेरिकन नागरिक आहे की एच-फोर व्हिसावर, याचा इथे संबंध नाही.

ही लढाई आपण लढलेली नाही, हेही लक्षात असू द्या. १९२३ साली याच न्यायालयाने भगतसिंग थिंद यांना ‘तुम्ही गोरे नाही’ म्हणून नागरिकत्व नाकारलं होतं. भारतीयांना इथे मोठ्या संख्येने येता आलं ते १९६५च्या इमिग्रेशन कायद्यानंतर, म्हणजे काळ्या लोकांनी रस्त्यावर मार खाऊन नागरी हक्क कायदा मिळवला त्याच्या दुसऱ्या वर्षी. आपण तयार मांडवात आलो. याच्याकडे शेवटी परत येणार आहे.

पहिली पायरी: प्रवेशाच्या दिवशी

त्रास व्हायच्या आधीच अर्धं काम करून ठेवता येतं. शाळेला लागतात ती कागदपत्रं ठरलेली: जन्मतारखेचा पुरावा, लसीकरणाची नोंद, आणि तुम्ही त्याच डिस्ट्रिक्टमध्ये (एका स्थानिक बोर्डाखाली येणाऱ्या शाळांच्या भागात) राहता याचा पुरावा, म्हणजे घराचा भाडेकरार, विजेचं बिल वगैरे. भारतातलं लसीकरणाचं पिवळं-निळं कार्ड जपून आणा. तारखा अस्पष्ट असतील तर येण्याआधीच डॉक्टरांकडून टाइप करून घ्या. सोशल सिक्युरिटी नंबर दिला नाही म्हणून शाळा प्रवेश अडवू शकत नाही. व्हिसाची स्थिती काहीही असो, मुलाला सरकारी शाळेत येऊ दिलंच पाहिजे, हा टेक्ससमधल्या प्लायलर खटल्याचा १९८२चा निकाल आहे. क्लार्कबाईंना तो माहीत नसेल, तर तुम्हाला माहीत असू द्या.

मग येतो तो फॉर्म, ज्याच्यावरून आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी ऑगस्टमध्ये युद्ध होतं: होम लँग्वेज सर्व्हे. घरी कोणती भाषा बोलता? “मराठी लिहू नका हां, पोराला ईएसएलमध्ये टाकतात,” (म्हणजे इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांच्या जादा वर्गात) असा सल्ला तुम्हाला पहिल्याच आठवड्यात मिळेल. माझं मत उलटं आहे. खरं ते लिहा. मराठी लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते, एवढंच. त्यात ते पास झालं तर विषय संपला. पास नाही झालं तर त्याला मदतीची गरज आहे आणि ती देणं शाळेवर बंधनकारक आहे. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या चिनी मुलांच्या पालकांनी १९७४मध्ये लाऊ खटला जिंकला तो याच मुद्द्यावर: सगळ्यांना तेच पुस्तक आणि तोच मास्तर दिला म्हणजे समान शिक्षण झालं असं नाही, जर मुलाला भाषाच कळत नसेल.

तुम्हाला ईएसएलची मदत नको असेल तर पालक म्हणून लेखी नकार देता येतो, मात्र वार्षिक भाषाचाचणी तरीही द्यावी लागते. आणि ‘ईएसएलमध्ये आहे म्हणून गिफ्टेडच्या, म्हणजे हुशार मुलांच्या खास वर्गाच्या, चाचणीला बसता येणार नाही’ असं कुणी सांगितलं तर ते मान्य करू नका. तसा सरसकट नियम शाळेला करता येत नाही.

आजी-आजोबा मुलाला सांभाळत असतील आणि त्यांना इंग्रजी जड जात असेल, तर शाळेने महत्त्वाच्या गोष्टींसाठी फुकट दुभाषा दिला पाहिजे. नातवालाच मध्ये उभं करून ‘आजीला सांग’ म्हणणं चालत नाही. ज्या तक्रारीबद्दल बोलायचंय, तिचा विषय तोच मुलगा असेल तर ते किती विचित्र होतं, बघा.

त्याच दिवशी दोन गोष्टी डाउनलोड करून ठेवा: स्टुडंट हँडबुक, आणि डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवरून भेदभावाच्या तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल. न्यू जर्सीत प्रत्येक शाळेत एक अँटी-बुलीइंग स्पेशालिस्ट असतो. त्याचंही नाव शाळेच्या पानावर सापडतं.

दुसरी पायरी: मुलाकडून ऐकणं

“आज काय झालं?” याचं उत्तर “काही नाही” असंच येतं. त्यापेक्षा “लंचला कुणाशेजारी बसलास?” हे विचारा. बसमध्ये कुठली सीट, पीईमध्ये टीम कुणी निवडली, ग्रुप चॅटमध्ये कोण कोण आहे. नकाशा आपोआप तयार होतो.

सांगायला लागलं की मध्ये बोलू नका, आणि लगेच त्या मुलाच्या आईला फोन लावू नका. तो मोह मला झाला होता, एका मैत्रिणीने हात धरला म्हणून वाचले. ऐकून झालं की त्याच रात्री वही काढा. तारीख, जागा, कोण होतं, शब्द काय होते. मुलाने जे शब्द सांगितले तेच लिहा, तुमच्या भाषेत सौम्य करून नको. शिवी असेल तर शिवी. कुठली शिक्षिका जवळ होती, तिने ऐकलं का, ऐकून काय केलं, हे तर जरूर. चॅटमधलं असेल तर स्क्रीनशॉट, आणि त्यात तारीख-वेळ दिसली पाहिजे. मूल म्हणेल, “डिलीट कर, मला बघवत नाही.” त्याच्या फोनवरून करू दे, तुमच्याकडे कॉपी ठेवून.

तिसरी पायरी: ईमेल, फोन नाही

सगळ्यात महत्त्वाचं हेच, म्हणून इथे जरा थांबते.

आपण फोन करतो, काउन्सेलर गोड बोलतात, “थँक यू फॉर शेअरिंग” म्हणतात, आपल्याला बरं वाटतं, आणि कागदावर काहीच उरत नाही. कायद्यात पुढे जो प्रश्न विचारला जातो तो असा: मुलांनी दिलेला त्रास गंभीर किंवा सतत होणारा होता का, तो शाळेला कळला होता का, आणि कळल्यावर शाळेने काय केलं? यातल्या मधल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तुमचा ईमेल. फोनवर बोललाच असाल, तर पाच मिनिटांत ‘आत्ता आपलं जे बोलणं झालं ते असं’ म्हणून मेल पाठवा.

दुसरी गोष्ट शब्दांची. ‘मुलं चिडवतात’ असं लिहिलं की ती बालिश भांडणाच्या खात्यात जाते. वंश, रंग, मूळ देश, यातलं जे लागू असेल ते नावानिशी लिहा. टिकलीवरून किंवा गणपतीच्या चित्रावरून थट्टा झाली असेल तर धर्मही लिहा. टायटल सिक्समध्ये धर्म हा शब्द नाही, पण न्यू जर्सीच्या कायद्यात आहे. आणि बहुतेक वेळा टिकलीवरून हसणारं पोरगं धर्मशास्त्रावर बोलत नसतं, ‘तू भारतीय’ यावरच बोलत असतं.

मी पाठवलेला मेल साधारण असा होता. इंग्रजीत होता अर्थात, मराठीत सांगते:

“माझा मुलगा सहावीत आहे. गेले तीन आठवडे चार विद्यार्थी (नावं खाली दिली आहेत) जेवणाच्या सुट्टीत त्याला त्याच्या भारतीय असण्यावरून त्रास देत आहेत. मंगळवारी त्याच्या डब्यातली भेंडीची भाजी बघून त्यांनी नाक धरलं आणि भारतीय उच्चारांची नक्कल केली. गुरुवारी त्याच्या लॉकरवर ‘घरी जा’ अशी चिठ्ठी होती. फोटो जोडला आहे. लंच मॉनिटर दोन्ही वेळा तिथे होत्या. हा वंश आणि मूळ देशावरून होणारा छळ आहे आणि मी त्याची औपचारिक तक्रार करत आहे. तपास कधी सुरू होईल, कोण करेल, आणि तोपर्यंत माझ्या मुलाच्या सुरक्षिततेसाठी काय व्यवस्था असेल, हे मला उद्यापर्यंत लेखी कळवावं.”

मोठा नाही, रडका नाही, रागाचाही नाही. कुठलंही विशेषण काढलं तरी मजकूर तसाच उभा राहतो, अशी खात्री करून मगच पाठवा. प्रिन्सिपलना पाठवा, काउन्सेलर आणि अँटी-बुलीइंग स्पेशालिस्टना प्रत ठेवा. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या पत्त्यावरही एक प्रत.

आणि ती नेहमीची भीती: “आपण एच-वनबीवर आहोत, ग्रीन कार्डची फाइल लागलीय, कशाला नसती भानगड?” शाळेतली तक्रार शाळेकडे जाते. ती करायला नागरिक असावं लागत नाही. आणि तक्रार केली म्हणून शाळेने मुलावर किंवा तुमच्यावर डूख धरणं हा स्वतंत्र कायदाभंग आहे.

चौथी पायरी: घड्याळ

न्यू जर्सीत २०११पासून लागू असलेल्या छळविरोधी कायद्याला सगळे ‘एचआयबी’ (हॅरासमेंट, इंटिमिडेशन, बुलीइंग) म्हणतात. त्यात मुदती ठरलेल्या आहेत, आणि पालकांच्या हातात तेच हत्यार आहे. तक्रार आल्यावर तपास एका शालेय दिवसात सुरू व्हायचा, दहा शालेय दिवसांत संपायचा. निष्कर्ष डिस्ट्रिक्टचे प्रमुख, म्हणजे सुपरिंटेंडंट, यांच्यामार्फत शाळा-बोर्डाच्या पुढच्या बैठकीत जातो, आणि त्यानंतर पाच शालेय दिवसांत तुम्हाला लेखी कळवावं लागतं. पटलं नाही तर बोर्डासमोर सुनावणी मागता येते, आणि बोर्डाचा निर्णयही पटला नाही तर ९० दिवसांत राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे जाता येतं. या कायद्यात छळ ‘वारंवार’ असायलाच हवा असं नाही. एकच प्रसंग पुरेसा होऊ शकतो. कॅलेंडर काढा आणि शनिवार-रविवार, सुट्ट्या वगळून दहावा दिवस गोल करून ठेवा. त्या दिवशी सकाळी एका ओळीचा मेल.

न्यूयॉर्कमध्ये २०१२पासून शाळेतल्या छळ-भेदभावाविरुद्ध ‘डासा’ नावाचा कायदा आहे. कॅलिफोर्नियात ‘युनिफॉर्म कम्प्लेंट’ नावाची तक्रारीची पद्धत आहे, तिथे डिस्ट्रिक्टला ६० दिवसांत लेखी निर्णय द्यावा लागतो. तुमच्या राज्यात काय आहे ते हँडबुकमध्ये मिळेल.

पाचवी पायरी: मीटिंग

एकट्याने जाऊ नका. एक बोलेल, एक लिहील.

तिथे तीन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. पहिलं, “आम्ही दोघांना समोरासमोर बसवून मिटवून टाकतो.” चौघांनी मिळून एकाचा छळ केला असेल तर त्यात समेट कसला? नम्रपणे नाही म्हणा. दुसरं, “तुमच्या मुलाची लंचची वेळ बदलू या.” हे मी पहिल्यांदा मान्य केलं होतं. मुलगा घरी येऊन म्हणाला, “म्हणजे शिक्षा मला झाली?” हलवायचंच असेल तर त्रास देणाऱ्यांना हलवा, एवढंच म्हणायचं. तिसरं, “त्या मुलांना काय शिक्षा केली ते सांगता येत नाही.” हे मात्र बऱ्याच अंशी खरं आहे, दुसऱ्या विद्यार्थ्याची माहिती खाजगी असते. त्यावर डोकं फोडत बसू नका. त्याऐवजी तुमच्या मुलासाठी काय करणार ते लेखी मागा: टेबलाजवळ कोण उभं राहणार, त्रास झाला तर मुलाने कुणाकडे जायचं, काउन्सेलर आठवड्यातून कितीदा भेटणार.

तुमच्या मुलाच्या स्वतःच्या नोंदी बघायचा हक्क तुम्हाला १९७४च्या फर्पा कायद्याने आहे. अर्ज केल्यापासून ४५ दिवसांत दाखवाव्या लागतात.

शाळेने कान बंद केले तर

बोर्डाच्या सभेत बोलता येतं. दोन-तीन मिनिटं मिळतात, लिहून न्या, मुलांची नावं घेऊ नका. न्यू जर्सीत राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे १८० दिवसांत तक्रार करता येते. केंद्रीय शिक्षण खात्याच्या ऑफिस फॉर सिव्हिल राइट्सचीही मुदत १८० दिवसांचीच, घटनेच्या तारखेपासून. फॉर्म ऑनलाइन आहे, फी नाही, वकील लागत नाही. मात्र मार्च २०२५मध्ये या ऑफिसच्या १२ पैकी ७ प्रादेशिक शाखा बंद करण्यात आल्या, त्यामुळे तिथून झटपट काही होईल या आशेवर बसू नका. तक्रार नोंदवून ठेवा आणि राज्याच्या वाटेने चालत राहा. मुदत चुकली तर दोन्ही दारं बंद होतात, आणि आपले लोक ‘हे वर्ष तर संपू दे’ म्हणत नेमकी तीच चुकवतात.

चांगल्या वर्गात कोण बसतं

भेदभाव नेहमी शिवीतच असतो असं नाही. गणिताच्या वरच्या वर्गात कोण जातं, हे अनेक शाळांत शिक्षकांच्या शिफारशीवर ठरतं. “तो हुशार आहे, पण वर्गात बोलत नाही” हे वाक्य आपल्या मुलांच्या वाट्याला फार येतं, आणि काळ्या व लॅटिनो मुलांना तर अनेकदा चाचणीपर्यंतही कुणी नेत नाही. विचारायचं ते असं: निकष काय, ते कुठे लिहिलेत, चाचणी कधी, आणि निर्णय मान्य नसेल तर फेरविचाराचा फॉर्म कुठला? अनेक डिस्ट्रिक्टमध्ये असा फॉर्म असतो, मागितल्याशिवाय कुणी देत नाही. न्यू जर्सीत काउंटीच्या मॅग्नेट हायस्कूलसाठी (निवड करून प्रवेश देणाऱ्या खास सरकारी शाळांसाठी) आठवीतच अर्ज करावा लागतो, म्हणजे माहिती सातवीतच काढायची.

आपल्या बाजूचं

इथे शाळांचा पैसा मोठ्या प्रमाणात घरपट्टीतून येतो, म्हणून सगळे घर शोधताना शाळेचं रेटिंग बघतात. मी पण बघितलं. पण ‘तिथलं क्राउड चांगलं नाही’ हे वाक्य आपण ज्या सहजतेने टाकतो, त्यातल्या क्राउडचा रंग मुलांना बरोबर कळतो. गाडीत मागे बसलेले असतात.

मागच्या वर्षी एका आईचा फोन आला, घाबरलेला. “अहो ताई, एचआयबी झालीय.” मी वही उघडली. “काय म्हणाले त्याला?” पलीकडे शांतता. मग, “नाही हो, यानेच म्हटलंय.” मुलाने गाण्यातला एक शब्द वर्गातल्या काळ्या मुलाला उद्देशून वापरला होता, जो त्याने वापरायचा नव्हता. तेव्हा तिला सांगितलं ते इथेही सांगते: पायऱ्या त्याच, बाजू दुसरी. मुलाकडून खरं ऐका, तपासात खोटं बोलू देऊ नका, ‘त्याला अर्थच माहीत नव्हता’ असं म्हणून सोडवू नका, आणि शाळा सांगेल ते काउन्सेलिंग बिनतक्रार करा. त्या दुसऱ्या मुलाच्या घरीही कुणीतरी वही घेऊन बसलं आहे.

फोल्डर

सगळे मेल, उत्तरं, फोटो, निकालपत्र एका फोल्डरमध्ये ठेवा, कागदावरसुद्धा. डिस्ट्रिक्ट बदललं तरी ते बरोबर येतं. मूल अठरा वर्षांचं झालं की शाळेच्या नोंदींवरचे हक्क आई-बापांकडून त्याच्याकडे जातात.

आमच्या बाबतीत दहाव्या दिवशी पत्र आलं: छळ झाल्याचं सिद्ध. टेबलं बदलली, त्याचं नाही. डबा हळूहळू परत खरोखर रिकामा यायला लागला, मधले काही महिने मी चीज सँडविच दिलं ते दिलंच. अठराव्या वाढदिवसानंतर मी ते फोल्डर त्याच्या हातात ठेवलं. त्याने जमिनीवर बसून पहिला मेल वाचला, परत एकदा वाचला, आणि म्हणाला, “आई, भेंडी नव्हती. तोंडली होती.”